कंत्राटदाराने बिल दुप्पट केले, दारही अडवून ठेवले

प्रश्न : डिचोली तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या छपराची दुरुस्ती एप्रिलमध्ये काढली. कंत्राटदाराने व्हॉट्सअॅपवर मजुरी-सामानासह 4,80,000 रुपये सांगितले, मी 'ठीक आहे' म्हटले. करार नाही. कौले उतरवल्यावर वासे वाळवीने पोखरलेले निघाले. त्याने फोन केला तेव्हा 'बदला, पण पावसाआधी संपवा' असे मी सांगितले. रक्कम बोललो नव्हतो. आता बिल आले आहे : मूळ रक्कम, वाशांचे 1,40,000, आम्ही वास्कोला असताना न विचारता बसवलेल्या स्वयंपाकघराच्या लाद्यांचे 65,000, भाववाढ 40,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, एकूण 8,55,500. चार लाख दिले आहेत. पडवीचे छप्पर अजून उघडेच आहे. पॉलिशला नेलेले देवघराचे सागवानी दार 'आधी पैसे, मग दार' म्हणून तो देत नाही. काय करू?

उत्तर : हे बिल एकगठ्ठा मान्यही करू नका आणि एकगठ्ठा फेटाळूही नका. त्यातल्या प्रत्येक ओळीला वेगळे उत्तर आहे, आणि एक-दोन उत्तरे तुम्हाला आवडणार नाहीत.

करार कागदावर नाही म्हणून तो नाहीच, असे होत नाही. तोंडी आणि व्हॉट्सअॅपवरचा होकारही करारच. 4,80,000 ही सगळ्या कामाची ठोक रक्कम होती, त्यामुळे पडवीचे काम होईपर्यंत तेवढा भाग त्यातून वजा राहील. भाववाढीचा शब्दही त्या संदेशात नव्हता. ते 40,000 देण्याचे कारण मला दिसत नाही.

वाशांचे पैसे मात्र द्यावे लागतील. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 70 सांगते की फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी तुमच्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि त्याचा लाभ तुम्ही घेतला, तर मोबदला देणे लागते. इथे तर तुम्ही स्वतःच 'बदला' म्हणालात. पण देणे लागते ते वाजवी मोल, तो सांगेल तो आकडा नव्हे. किती वासे बदलले, लाकूड कुठले, किती घनफूट आणि खरेदीची पावती कुठे, हे लेखी मागा.

लाद्यांचे प्रकरण नाजूक आहे. याच कलमाचा अर्थ लावताना पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की लाभ स्वीकारायचा की नाकारायचा, ही निवड समोरच्याला असायला हवी. तुम्हाला ती मिळालीच नाही. तरीही गप्प राहून वर्षभर त्या लाद्यांवर वावरलात, तर तुमची बाजू लंगडी होईल. म्हणून आजच लेखी हरकत कळवा. मी तुमच्या जागी असते तर तडजोडीत सामानाची पावतीवरची किंमत देऊ केली असती. वाद लाद्यांपेक्षा महाग पडतो.

जीएसटीचे सोपे आहे. बिलावर नोंदणी क्रमांक आहे का? असल्यास जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. नोंदणी नसलेल्याला कर म्हणून एक रुपयाही गोळा करता येत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम 32 तसे स्पष्ट सांगते.

आता दार. करार कायद्याच्या कलम 170 नुसार वस्तूवर कारागिरी करणाऱ्याला त्याच कारागिरीचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू अडवता येते. म्हणजे पॉलिशच्या पैशांसाठी दार ठेवता येईल, छपराच्या बिलासाठी नाही. सगळ्या थकबाकीसाठी वस्तू अडवण्याचा अधिकार कलम 171 बँकर, अडते, वकील अशा मोजक्यांनाच देते. त्यात छपराचे कंत्राटदार नाहीत. पॉलिशची रक्कम वेगळी विचारून ती बँकेतून पाठवा आणि दार मागा. लगेच पोलिसांत धावू नका. पैसे पोचूनही दार आले नाही, तर विश्वासघाताच्या तक्रारीचा विचार करता येईल.

सर्वांत घाईचे काम वेगळेच आहे. दुसरा मेस्त (मिस्त्री) पडवीला हात लावण्याआधी त्रयस्थ अभियंत्याकडून झालेल्या कामाची मोजमापे आणि तारखेसह फोटो घ्या. एकदा नवे काम जुन्यात मिसळले की कोणी काय केले, हे सिद्ध करणे अशक्यप्राय होते. तोवर ताडपत्री घाला, पावती ठेवा. नुकसान वाढू न देणे ही तुमचीही जबाबदारी आहे. वासे भिजू दिलेत तर त्याची भरपाई मागता येणार नाही. मग कंत्राटदाराला सात दिवसांची लेखी मुदत द्या. तो आला नाही, तर दुसऱ्याकडून काम पुरे करून घेण्याचा वाजवी जादा खर्च करार कायद्याच्या कलम 73 खाली मागता येतो.

नाहीच जुळले, तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ते व्हॉट्सअॅप संदेश पुसू नका, फोनही बदलू नका. न्यायालयात ते दाखवायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते.

पडवीसाठी मात्र कागद कराच, मेस्त ओळखीचा असला तरी. जुन्या कौलारू घरात काय निघेल हे कोणालाच सांगता येत नाही, पण निघाले तर कोणत्या दराने, हे आधी ठरवता येते. आधी पागोळ्यांच्या बाजूची आणि भिंतीत गेलेली वाशांची टोके तपासून घ्या. वाळवी बहुधा तिथेच असते. मग ठोक रकमेबरोबर बदललेल्या लाकडाचा घनफुटाचा दर लिहा, आणि लेखी होकाराशिवाय जादा काम नाही, हे वाक्य. दहा टक्के रक्कम एक पावसाळा निघेपर्यंत राखून ठेवा. होतकरू मेस्त यावर नाराज होत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

छपराची उंची किंवा आराखडा बदलायचा असेल, तर गोवा पंचायत राज अधिनियम, 1994 च्या कलम 66 खाली पंचायतीची परवानगी लागते. नोटीस येते ती घरमालकाला, कंत्राटदाराला नव्हे. घर अजून आजोबांच्या नावावर असेल, तर सगळ्या पावत्या जपा. पुढे इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन कार्यवाही, निघाली तर चुलतभावांसमोर खर्चाचा हिशेब त्यांवरूनच मांडावा लागेल.