भिंत कुठली, ते आधी सांग

अगं,

तुझ्या हवामानाच्या पोस्टरांची चौदा पानी पीडीएफ रात्री दीडला आली, मी सकाळी चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. हवामान बदलावर डिझायनरनं काम करावं का वगैरे चर्चेत आपण दोघांनी वेळ घालवायचा नाही, ते आपलं ठरलेलं आहे. शेवटी विचारलंयस की फिनटेक कंपनीची नोकरीची ऑफर घेऊ का अजून एक वर्ष याच कामात काढू. त्याचं उत्तर नंतर. मला आधी एक सांग, हे सगळं लागलं कुठल्या भिंतीवर?

ऑनलाइन रीच किती ते आहे, किती जणांनी सेव्ह केलं ते आहे, भिंत नाही.

ते उन्हाचं पोस्टर घे. पिवळ्यातून लालात जाणारा थर्मामीटर मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. पण तेच तू रत्नागिरीला पाठवलंस आणि तेच अकोल्याला. हवामान खातं किनाऱ्यावर ३७ अंशांपासून उष्णतेची लाट धरतं आणि मैदानी भागात ४० पासून, ते पण पारा नेहमीपेक्षा साडेचार अंश वर असेल तर. म्हणजे ३८ अंशात रत्नागिरीचा माणूस भाजून निघालाय आणि तुझा थर्मामीटर त्याला अजून पिवळाच दाखवतोय.

आणि पुण्यातल्या मजूर अड्ड्यावर लावलंस, फोटो पण टाकलास. अड्ड्यावर माणूस सकाळी आठला उभा असतो, हवा गार असते. ऊन लागतं दुपारी दोनला, स्लॅबवर, तेव्हा पोस्टर अड्ड्यावर आणि माणूस पाचव्या मजल्यावर. त्याची भिंत म्हणजे साइटवरचा पाण्याचा ड्रम, तिथं चिकटव की! त्यात अड्ड्यावरचे कितीतरी जण कर्नाटकातल्या कलबुर्गीकडचे, मराठी वाचणार कसे? अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ वर गेला, त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेच्या वर माणसं जास्त दगावली, आणि २०१३ मध्ये त्यांनी हीट अॅक्शन प्लॅन, म्हणजे उन्हापासून माणसं वाचवायचा आराखडा, आणला. पत्रकं त्यातही होतीच, पण आधी धोका कुणाला ते ठरवलं, उन्हात राबणारे, झोपडपट्टीत पत्र्याखाली राहणारे. कागद नंतर आला. तू कागदापासून सुरू केलंस.

चिडलोय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. निम्मा स्वतःवर.

२०१९ च्या ऑगस्टात कोल्हापुरात पंचगंगेला महापूर आला, नदीची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि मी एजन्सीतली नोकरी सोडली. मीही असाच पेटलेलो. चार महिने खपून एक नकाशा केला, अख्खं खोरं, धरणं, पावसाच्या निळ्या पट्ट्या, धरणातून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट ते, सगळं. दोनशे प्रती छापल्या, आर्ट पेपरवर, स्वतःच्या पैशानं. एका पूरग्रस्त गावात देवळाच्या ओट्यावर तो नकाशा पसरला तर एक आजी चष्मा सारखा करून पाच मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यात माझं घर कुठं हाय?" मग म्हणाली, "बंधाऱ्यावर किती फूट झालं की आमच्या गल्लीत पाणी येतंय, तेवढं लिवलंय का ह्यात?"

नव्हतं लिहिलेलं. क्युसेक होते.

गंमत म्हणजे ते उत्तर तिला माहीत होतं, गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होतं, फक्त सून आणि नातवंडांना नव्हतं. मग आम्ही गावातल्या एका पेंटरला धरलं, बोर्ड रंगवायचा तो, फ्लेक्स आल्यापासून रिकामाच होता. त्यानं ऑइल पेंटचा डबा घेतला आणि शाळेच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, दुकानाच्या कट्ट्यावर आडव्या रेघा मारल्या, प्रत्येक रेघेशेजारी बंधाऱ्यावरचे फूट. आकडे म्हाताऱ्यांनी सांगितले, भांडून सांगितले. पोरं रेघेला पाठ लावून उभी राहायची, माझ्या डोक्यावर किती ते बघायला. खर्च आला माझ्या छपाईच्या विसाव्या हिश्शाइतका. २०२१ च्या जुलैत परत पाणी चढलं तेव्हा लोक फोनवर "किती फुटाला आलं?" विचारून गुरं सोडत होते. पुढं निवडणुकीत कुणीतरी त्याच भिंतीवर चुना मारून चिन्ह काढलं, पेंटरनं वरून परत रेघ मारली.

ते काम माझ्या पोर्टफोलिओत नाही. फोटो बरा आला नाही. नकाशा आहे मात्र, लोक कौतुक करतात.

आता पैशाचं, कारण तू ते तेराव्या पानावर बारीक अक्षरात लपवलंयस. एजन्सी सोडली त्या वर्षात मी एका कारखान्याच्या सस्टेनेबिलिटी रिपोर्टचं, म्हणजे आम्ही पर्यावरण कसं जपतो ते सांगणाऱ्या अहवालाचं, काम नाकारलं, धुराड्याशेजारी हिरवी पानं काढायची होती. नाकारलं ते बरोबरच केलं, आजही नाकारीन. पण त्या पैशात मुलीची वर्षाची फी निघाली असती, आणि ती बायकोनं भरली, हे मी भाषणात कधी सांगत नाही. आणि मी सगळ्यांना "एक वर्ष" सांगतो ना, ते अकरा महिने होते. लॉकडाऊन लागला, मी परत नोकरी धरली. लोक म्हणाले हरला. मला तसं वाटत नाही, रेघा नोकरीत असतानाच मारल्या, शनिवार-रविवार जाऊन. रिकाम्या वर्षानं मला नकाशा दिला आणि पगारानं भिंत दिली, असंही म्हणता येईल. किंवा मी माझी समजूत घालतोय.

म्हणून ऑफर घे की नको हे मला विचारू नकोस. आठवड्यातले तीन दिवस मोकळे मिळत असतील तर घे, नसतील तर घासाघीस कर. सरकारी कामाच्या बिलावर घर चालवायचं स्वप्न बघू नकोस, माझं एक बिल अजून कुठल्या टेबलावर आहे देव जाणे. आणि हवामानाची जागरूकता पीव्हीसी फ्लेक्सवर छापणं बंद कर बाई, पुढच्या पावसात तोच नाल्यात अडकतो.

पण भिंत आधी. कामाचं ब्रीफ आलं की फॉन्ट निवडायच्या आधी जाऊन उभी राहा तिथं, ज्या वेळी तो माणूस तिथं असतो त्या वेळी. ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स घेऊन जा, रंगीत नको, रंगीत दाखवलं की लोक छान म्हणतात आणि विषय संपतो.

आणि हो, आठव्या पानावर राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ३९ फूट टाकलीयस. ३९ ही इशारा पातळी. धोका ४३. आज दुरुस्त कर, कुठं कुठं पाठवलंयस त्या सगळ्यांना परत पाठव.