‘ओल्ड हॅबिट्स डाय हार्ड’ला ‘जित्याची खोड’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘ओल्ड हॅबिट्स डाय हार्ड’ म्हणजे नेमकं काय, आणि मराठीत ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण तिथे चालेल का?

अर्थ सोपा आहे. जुनी सवय सहजासहजी सुटत नाही. घोळ होतो तो ‘हार्ड’मुळे. ‘जुन्या सवयी कठीण मरतात’ असं भाषांतर मी छापलेलं पाहिलंय, त्यातून काहीच हाती लागत नाही. ‘डाय हार्ड’ म्हणजे चिवटपणे झुंजत मरणं. १८११ साली स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत जखमी कर्नल इंग्लिस यांनी आपल्या ५७व्या पलटणीला हेच दोन शब्द ओरडून सांगितले आणि पुढे त्या पलटणीला ‘डाय हार्ड्स’ हेच नाव पडलं. तोच चिवटपणा इथे सवयीला चिकटवलाय.

आता आपली म्हण. इंग्रजीत मरते ती सवय. मराठीत सवय मरत नाही, मरावं लागतं माणसालाच! शिवाय ‘खोड’ म्हणजे नुसती सवय नव्हे. खोड वाईटच असते. ती काढायची असते, मोडायची असते. ‘खोडी’ही तिच्याच घरातली. पहाटे उठण्याला कुणी खोड म्हणणार नाही.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी लग्नाच्या गाडीत सगळे बसले की ते दारापाशी उभे राहून बोटाने डोकी मोजतात आणि मगच ड्रायव्हरला म्हणतात, “डबल बेल!” इंग्रज इथे हसून ‘ओल्ड हॅबिट्स...’ म्हणेल, त्यात माया असेल. मी ‘जित्याची खोड’ म्हटलं तर वडिलांच्या जिव्हारी लागेल, आणि लागायलाच हवं. शिक्षा भोगून सुटलेला चोर पुन्हा कुणाच्या खिशात हात घालताना सापडला, तर मात्र हीच म्हण हवी. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ आणखी वेगळी: तिथे सवयीपेक्षा ताठा आहे.

म्हणून भाषांतर करताना आधी बघा, बोलणारा दोष देतोय की समजून घेतोय. दोष असेल तर खुशाल म्हण वापरा. नसेल तर मराठीत सवय अंगवळणी पडते, हाडीमाशी खिळते, जडते आणि सुटते. त्यातलंच काहीतरी घ्या. वडिलांबद्दल आई म्हणते तेच मला सर्वांत चपखल वाटतं: “इतक्या वर्षांची सवय, सुटते थोडीच!”