रिव्हॉल्व्हर घेऊन पस्तावलो, त्याची कारणे

परवान्यावर पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेऊन नंतर पस्तावलेले कोणी आहे का, आणि नवा परवाना हाती असलेल्या माणसाने काय घ्यावे, असे आपण विचारले आहे. पस्तावलेल्यांपैकी मी एक आहे. पारोळा तालुक्यात माझा कापूस खरेदीचा व्यवसाय आहे. २०१२ साली मी देशी बनावटीचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. त्या काळी आमची खेडा खरेदी सगळी रोकडीची असे. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत मोठ्या रकमा घेऊन रात्री-अपरात्री गाडीने फिरावे लागे आणि शेजारच्या गावात एका व्यापाऱ्याला रस्त्यात अडवल्याची घटना नुकतीच घडली होती. जिल्हाधिकारी कार्यालयातून परवाना मिळायला दीड वर्ष गेले. हाती पडला तेव्हा त्यावर खरेदीची मुदत लिहिलेली होती, त्यामुळे दुकानात जे उपलब्ध होते ते मी घेतले. हातात धरून पाहिले, वजन पाहिले, पण चाप एकदाही ओढून पाहिला नाही. आज याचे मलाच नवल वाटते.

घरी आणले त्या दिवशी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने डबा उघडून पाहिला आणि एवढेच म्हणाली, "हाई काय लई उना रे भाऊ?" (हे काय घेऊन आलास?) त्यानंतर ते घरात असेपर्यंत तिने माझ्या तिजोरीच्या खोलीत पाऊल ठेवले नाही.

पहिल्याच पावसाळ्यात मी एक चूक केली, जी बहुतेक नवे परवानाधारक करतात. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात घालून तिजोरीत ठेवले. चामडे ओल धरते, हे मला कोणी सांगितले नव्हते. ऑगस्टमध्ये बाहेर काढले तेव्हा सिलिंडरच्या खोबणीत आणि नळीच्या तोंडाशी तांबूस बुरशीसारखे ठिपके उठलेले होते. तेल लावून सुती कापडाने पुसले तेव्हा गंज गेला, पण त्याबरोबर तेथील काळा मुलामाही गेला, आणि ती जागा शेवटपर्यंत नाण्यासारखी पांढरी दिसत राहिली. उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा होती. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. पातळ सदऱ्याखाली पाऊण किलोच्या आसपासचे लोखंड कमरेला बांधले की तासाभरात घामाने कातडी सोलते आणि वर फुगवटा दिसतो तो दिसतोच. २०१४ साली कानपूरहून टायटॅनियमचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. पुन्हा तेवढा खर्च करण्याची माझी इच्छा उरली नव्हती.

नाशिकला एका रेंजवर मी ते पहिल्यांदा चालवले. घोडा न चढवता नुसता चाप ओढायचा म्हटले की त्याला इतका जोर लागे की नळीचे तोंड दर वेळी उजवीकडे ओढले जाई. पंधरा पावलांवरच्या कागदावर सहापैकी दोन गोळ्या लागल्या. त्यातली एक कोपऱ्यात. नियमित सराव केला असता तर हात बसला असता हे खरे, परंतु काडतुसे परवान्यावर लिहिलेल्या संख्येतच मिळतात, महाग असतात, आणि रेंज घरापासून दीडशे किलोमीटरांहून दूर. तेव्हा सराव राहिलाच.

तरीही या तक्रारी मी सहन केल्या असत्या. खरा पस्तावा दोन गोष्टींनी आला. आमचा निम्मा व्यवहार सेंधव्याशी असतो. शिरपूर ओलांडून पळासनेरचा नाका गेला की मध्य प्रदेश सुरू होतो, आणि माझ्या परवान्यावर क्षेत्राच्या रकान्यात 'महाराष्ट्र राज्य' एवढेच लिहिलेले होते. म्हणजे ज्या रस्त्याने सर्वांत मोठी रक्कम जात असे, त्याच रस्त्यावर शस्त्र नेणे हा गुन्हा ठरला असता. दुसरी गोष्ट निवडणुकीची. आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. २०२४ साली मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली तेव्हा ते जमा केले, ते जूनमध्ये परत मिळाले. १५ ऑक्टोबरला विधानसभेची घोषणा झाली आणि ते पुन्हा ठाण्यात गेले, तेही नेमके नवा कापूस दारात येण्याच्या दिवसांत. त्या दिवाळीत माझ्या खिशात रिव्हॉल्व्हरऐवजी त्याची पावती होती.

दरम्यान रोकडच कमी झाली. २०१६ च्या नोटाबंदीनंतर शेतकरी बँकेत पैसे घेऊ लागले, आणि १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यावर आयकर कायद्याने बंदी आली. ज्या भीतीपोटी शस्त्र घेतले ती भीती पाच वर्षांतच बरीचशी निवळली. शस्त्राची उस्तवार मात्र तशीच राहिली.

रावेरकडच्या माझ्या एका केळीच्या व्यापारी मित्रांना हे शस्त्र घेणे माझ्याहून महागात पडले. खासगी वापरासाठी विलायती पिस्तुले आयात होणे १९८० च्या दशकातच जवळपास थांबले असल्याने जुन्या पिस्तुलांना अवाच्या सवा भाव येतो. त्यांनी तसले एक .३२ चे पिस्तूल कित्येक लाखांना घेतले. घरी आल्यावर कळले की रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस वेगळे आणि पिस्तुलाचे वेगळे. पहिले लांब आणि बुडाशी ठळक काठ असलेले असते, दुसरे आखूड असते, आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. त्यांच्या गावाजवळच्या दुकानात फक्त पहिले मिळत होते. वरणगावचा कारखाना इतका जवळ असताना काडतुसांची अडचण कशी, असे ते विचारत. पण तेथील उत्पादन सैन्यासाठी आहे, नागरी .३२ काडतुसे खडकीहून येतात. पुढे त्यांच्या पिस्तुलाच्या मॅगझिनची, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीची, स्प्रिंग ढिली पडली आणि जोडीचे मॅगझिन मुंबईपर्यंत शोधूनही मिळाले नाही. (सातपुड्याच्या पायथ्याला मिळणाऱ्या गावठी कट्ट्याचा विषय मी येथे घेत नाही, तो पस्तावा न्यायालयातला आहे.)

विकणेही सोपे नाही. दुसऱ्या परवानाधारकाला द्यायचे असल्यास आधी लेखी सूचना द्यावी लागते आणि ४५ दिवस थांबावे लागते. मी गेल्या वर्षी तसे केले. दुकानदाराने माझ्या खरेदीच्या निम्म्याहून कमी भाव सांगितला होता, म्हणून धुळ्याच्या एका सराफाला दिले. नळीच्या तोंडाशी गेलेला मुलामा मी त्याला आधीच दाखवला, आणि चाप ओढून पाहा, असेही सांगितले.

तेव्हा कोणते घ्यावे हे मी लगेच सांगणार नाही. आपल्या परवान्यावर क्षेत्राच्या रकान्यात काय लिहिले आहे आणि आपले जाणे-येणे कोणत्या रस्त्याने असते, हे कळवल्यास पुढचे बोलता येईल.