न्यूअर्कला पावणेदोन तास? आई-बाबांना असं नका पाठवू

तुमची पोस्ट वाचली आणि २०१८ चा आमचा डिसेंबर आठवला. मुंबई ते न्यूअर्क (न्यूयॉर्कजवळचं विमानतळ) साडेबारा हजार किलोमीटर, ताशी ९०० चा वेग, म्हणजे चौदा तास, उतरल्यावर पावणेदोन तासांनी शिकागोचं विमान, "पुरेल ना?" असं विचारलंय तुम्ही. हाच हिशोब मी केला होता.

चौदा तास विसरा. साडेबारा हजार हे गोलावरचं जवळात जवळचं अंतर. विमान नेमकं त्या रेषेवरून जात नाही, जाताना वारा समोरून असतो, आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाल्यामुळे वळसा पडतो. सोळा तास धरा. येताना वारा पाठीशी, तासभर तरी वाचतो. पण हे सगळं तिकिटावरच्या वेळेत आधीच धरलेलं असतं. खरी अडचण उतरल्यावर.

अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन, आणि तिथेच बॅगा पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायच्या. टॅग शिकागोचा असला तरी. आमच्या तिकीट एजंटने मात्र छातीठोकपणे सांगितलं, "बॅगा थेट जातात, काका-काकूंना काही करायचं नाही." वर काही हजार वाचतात म्हणून दोन वेगळी तिकिटं, दोन पीएनआर. आणि मी ऐकलं! रांगेतच दीड तास गेला. बॅगा थेट जाणार या भरवशावर दोघं पट्ट्यापाशी न थांबता बाहेर पडले, मग परत आत सोडेनात. बाबांच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत. पुढच्या कंपनीने "वेळेत आला नाहीत, तिकीट गेलं" म्हणून हात वर केले. एजंट म्हणे ते दुसऱ्या कंपनीचं, माझा संबंध नाही. महिनाभर मेल केले, एक रुपया परत मिळाला नाही. पैशाचं सोडा, आई रात्रभर खुर्चीत बसून होती, ते अजून सलतं.

म्हणून माझं ठाम मत: एकच पीएनआर, मग भाडं जास्त पडलं तरी चालेल. विमान उशिरा आल्यामुळे पुढचं चुकलं तर दुसऱ्या विमानात बसवणं कंपनीकडे येतं. मध्ये चार तास ठेवा. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर आधीच नोंदवा, सोबत माणूस मिळतो. अबू धाबीमार्गेही बघा. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच होतं, त्यामुळे ही बॅगांची भानगड सहसा उरत नाही.

मी एजंट नाही, नियम बदलतात, तेव्हा बॅगांचं कंपनीकडून लेखी विचारून घ्या. आणि तारीख नीट बघा. विमान १५ तारखेला रात्री दीडचं असेल तर पुण्याहून १४ ला दुपारीच निघायचं.