कोळशाचा चॅप्टर पाठ करायच्या आधी एकदा गुऱ्हाळावर जाऊन ये

भावा, तुझे प्रश्न तीन आहेत. अँथ्रासाईट (सगळ्यात जास्त कार्बनचा कोळसा) सगळ्यात भारी असेल तर पॉवर प्लँटवाले राखेनं भरलेला कोळसा का जाळतात, एचसीव्ही आणि एलसीव्ही (इंधन जाळून मिळणाऱ्या उष्णतेचे वरचा आणि खालचा असे दोन आकडे) पाठ होतं पण कळत नाही, आणि सगळं सोलरवर चाललंय तर फर्स्ट इयरला हा चॅप्टर कशाला. मी कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून कास्टिंग ओतायच्या कारखान्यात, २४ वर्षं काढलीत, त्यातली पहिली दहा-बारा क्युपोलावर (कोकवर लोखंड वितळवायची उभी भट्टी), म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, ते डोक्यात बसलं की बाकीचं निम्मं आपोआप सुटतंय.

आमच्या मामांचं पन्हाळ्याकडं गुऱ्हाळ होतं. घाण्यातून निघालेली चिपाडं तशीच चुलवाणात घालत नाहीत, आधी मोकळ्या रानात पसरून उन्हात कडक वाळवायची आणि मग जाळायची. एका वर्षी ऐन हंगामात अवकाळी पाऊस आला आणि सगळी चिपाडं भिजली. मग काय, चुलवाणात कितीही कोंबा नुसता धूर, काहिलीतला रस तापायचा पण उकळी धरायचा नाही. ऊस तोच, चिपाडं तीच, मग उष्णता गेली कुठं? चिपाडातल्या पाण्याची वाफ करण्यात गेली आणि ती वाफ धुराड्यातून वर निघून गेली. बस, एवढंच आहे. वाफेचं परत पाणी झालं असं धरून तिच्यातली उष्णता पण मोजली की एचसीव्ही (बाँब कॅलरीमीटर बंद असतो म्हणून त्यात हीच मिळते), आणि वाफ हातातून गेली असं धरून जे उरतं ती एलसीव्ही. साखर कारखान्यात मिलमधून येणाऱ्या बगॅसमध्ये (म्हणजे चिपाडातच) साधारण ५० टक्के पाणी असतं, त्याची एचसीव्ही किलोला २३०० किलोकॅलरीच्या जवळपास आणि एलसीव्ही १८०० च्या आसपास, म्हणजे पाचवा हिस्सा वाफेबरोबर गेला.

आता कोळशावर ये. कोळसा अगदी कोरडा असला तरी त्यातला हायड्रोजन जळून पाणी होतंच, १ किलो हायड्रोजनचं ९ किलो पाणी, एचसीव्हीवरून एलसीव्ही काढायच्या फॉर्म्युल्यातला तो ९ इथून आला आणि ५८७ म्हणजे १ किलो वाफेची लेटंट हीट, पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता, किलोकॅलरीत. कोळशातल्या घटकांवरून एचसीव्ही काढायच्या ड्युलाँगच्या फॉर्म्युल्यात हायड्रोजनमधून ऑक्सिजनचा आठवा भाग वजा करतात तो एवढ्यासाठी की तेवढा हायड्रोजन ऑक्सिजनशी आधीच बांधलेला धरतात, तो उष्णता देणार नाही. समज कोळशात कार्बन ४५, हायड्रोजन ३, ऑक्सिजन ८, सल्फर ०.५, नायट्रोजन १, राख ३५ आणि ओलावा ७.५ टक्के आहे. १ किलोमागं कार्बनचे ३६३६, हायड्रोजनचे (३ मधून ८ चा आठवा भाग गेला, उरले २ टक्के) ६९०, सल्फरचे ११, एकूण एचसीव्ही ४३३७ किलोकॅलरी. हायड्रोजनचं २७ टक्के पाणी आणि मूळचा ओलावा ७.५, मिळून ३४.५ टक्के, गुणिले ५८७, म्हणजे २०२ वजा, एलसीव्ही आली ४१३५ च्या आसपास. इथं एक चूक बरीच पोरं करतात, दिलेल्या हायड्रोजनमध्ये ओलाव्यातला हायड्रोजन धरलाय की नाही हे बघतच नाहीत. धरला असेल तर ओलावा परत वेगळा वजा करायचा नाही आणि नसेल तर करायचा, गणितातलं वाक्य दोनदा वाच.

पहिला प्रश्न. आपला बहुतेक कोळसा गोंडवाना काळातला, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा, आणि ती झाडं पाण्याबरोबर वाहत येऊन गाळासकट साठलेली. तो गाळ कोळशात इतका एकजीव झालाय की धुवून सहज निघत नाही, म्हणून राख ३५-४० टक्क्यांपर्यंत जाते. सल्फर मात्र कमी, ही मोठी जमेची बाजू, पुस्तकात एका ओळीत उरकतात. अँथ्रासाईट आपल्याकडं जवळजवळ नाहीच, आणि असता तरी पॉवर प्लँटला सोयीचा नव्हता. बॉयलरमध्ये कोळसा पिठासारखा दळून हवेबरोबर फुंकतात, त्यानं क्षणात पेट घ्यायला व्होलाटाईल मॅटर (तापल्यावर वायू होऊन निघणारा भाग) लागतंय आणि अँथ्रासाईटमध्ये ते फार कमी. बॉयलर हा ज्या कोळशासाठी बांधला त्याचाच असतो. चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं स्टेशन तिथल्याच वर्धा खोऱ्यातल्या खाणींच्या शेजारी उभं आहे, इतकी राख रेल्वेनं लांब ओढत न्यायची कुणी?

प्रॉक्झिमेट ॲनालिसिस, म्हणजे कोळशातला ओलावा, व्होलाटाईल, राख आणि फिक्स्ड कार्बन काढायची टेस्ट, पाठ करू नको, एकदा हातानं कर. १ ग्रॅम कोळसा ११० डिग्रीला तासभर ठेवला की वजन घटलं तो ओलावा, मग झाकणाच्या क्रुसिबलमध्ये ९२५ ला बरोबर ७ मिनिटं की व्होलाटाईल, मग झाकण काढून ७५० ला पूर्ण जाळून उरली ती राख, आणि १०० मधून तिन्ही वजा केले की फिक्स्ड कार्बन. झाकण नीट बसलं पाहिजे, नाहीतर हवा आत जाऊन कार्बन जळतो, व्होलाटाईल जास्त दिसतं आणि फिक्स्ड कार्बन उगाच कमी येतो.

हे आकडे कागदावरचे नाहीत हे मी क्युपोलासमोर शिकलो. क्युपोलात साधा कोळसा चालत नाही, तो तापला की मऊ पडतो नाहीतर फुटतो, आणि वरच्या लोखंडाचं वजन पेलून मधून हवा जाऊ देणारं काहीतरी लागतं, ते म्हणजे हार्ड कोक, कोळसा हवेशिवाय तापवून केलेला. एकदा एका व्यापाऱ्याकडून कोकचा लॉट आला, दिसायला झकास, आम्ही टेस्ट न करता चार्ज केला. दुपारपर्यंत स्लॅग (राखेचा वितळलेला मळ) इतका यायला लागला की चुनखडी वाढवूनही पातळ होईना, लॅडलमधलं (वितळलेलं लोखंड धरायच्या भांड्यातलं) लोखंड पिवळंधमक असायचं ते तांबूस दिसायला लागलं आणि पातळ भिंतीच्या कास्टिंगमध्ये ते टोकापर्यंत पोचेचना. त्या दिवशीचा निम्मा माल परत भंगारात गेला. नंतर राख काढली तर २० टक्क्यांच्या पुढं. तेव्हापासून लॉट उतरायच्या आधी राख बघायचीच, हा नियम आजपर्यंत मोडला नाही.

तिसऱ्या प्रश्नाला आमच्याच फाउंड्रीचा हिशोब देतो. क्युपोला बंद करून आम्ही विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस बसवली, धूर गेला, शेजारच्यांचा त्रास गेला, मेटलवर कंट्रोल आला, मला ते मनापासून आवडलं. पण १ टन लोखंड वितळवायला क्युपोलात १०० ते १२५ किलो कोक लागायचा, इंडक्शनला साधारण ६०० युनिट. १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, स्टेशनची एफिशिअन्सी ३५ टक्के धर, कोळसा ४००० किलोकॅलरीचा धर, म्हणजे युनिटमागं ६०० ग्रॅमच्या वर कोळसा जळतो. ६०० युनिटला झाले ३७० किलोच्या आसपास, त्यातली सव्वाशे किलो राखच, आणि कार्बन डायऑक्साईड युनिटमागं अंदाजे १ किलो. वीज पूर्ण कोळशाची असेल तरचा हा हिशोब आहे. कोयनेची १९६० मेगावॉट आहे, सोलर वाढतंय, पण देशाची बहुतेक वीज अजून कोळशावरच आहे आणि आमची हीट (वितळलेल्या लोखंडाचा एक घाणा) रात्री दोनला निघते तेव्हा छतावरचं पॅनल काही देत नाही. चिपाडाचा कार्बन याच्यात मोजायचा नाही, तो ऊसानं गेल्या वर्षीच हवेतून घेतलेला असतो, कोळशाचा मात्र २५-३० कोटी वर्षं जमिनीत होता.

तुझ्या घरचं बिल १०० युनिटचं असेल तर आता तूच काढ किती कोळसा आणि किती राख झाली, आणि उत्तर इथं टाक, मी तपासून देतो.