गुहागरला पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाते. आईचं इन्सुलिन फेकून द्यायचं का?

नाही. वापरात असलेली बाटली फ्रीजबाहेर, ३० अंशांखाली, बहुतेक करून २८ दिवस चालते. नेमके दिवस सोबतच्या कागदावर असतात, तेवढे वाचा. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. ही वापरातली बाटली डब्यात बंद करून पाण्याच्या मडक्यावर किंवा माजघरात ठेवली तरी पुरे, चुलीपासून मात्र लांब. न उघडलेल्या बाटल्यांना २ ते ८ अंश लागतात, म्हणून वीज गेली की फ्रीजचं दार सारखं उघडू नका. मासळीच्या बर्फात तर बिलकूल ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलं असतं.

विजेपेक्षा मला सिरिंजची काळजी जास्त. बाटली ४० युनिटची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेली, असेल तर लाल टोपीचीच सिरिंज हवी, १०० ची असेल तर केशरी. मुंबईहून कुणी १०० ची बाटली आणली आणि घरच्या लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरली, तर अंगात ५० युनिट जातात! वॉर्डात हे आम्ही दोघी नर्स मिळून तपासतो, घरी तुम्ही दर वेळी बघा.

रक्तातली साखर उतरून आईला घाम, थरथर, गरगर झाली आणि ती शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी रक्तातली साखर तपासा. कोकम सरबत चालेल, पण साखर घातलेलं. नुसत्या आगळाचा, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाचा, उपयोग नाही, त्यात साखर नाही, मीठ असतं. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.