नैराश्य शिल्पातून दाखवायचं तर डोकं धरून बसलेल्या माणसापलीकडे काय करता येईल?

कलामहाविद्यालयाचं शेवटचं वर्ष, मिक्स मीडियातली, म्हणजे वेगवेगळी माध्यमं एकत्र वापरून केलेली मानवाकृती आणि विषय मानसिक आरोग्य, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात हेच काम करते. माझा सल्ला एकच: आधी चेहरा आणि हात सोडा, अंगाकडे बघा.

डोकं धरून बसलेला माणूस बघणाऱ्याला पटकन कळतो, आणि तिथेच घात होतो. 'हं, डिप्रेशन' म्हणत तो पुढच्या शिल्पाकडे जातो. लुईझ बुर्ज्वा या शिल्पकर्तीचं १९९३ चं 'आर्च ऑफ हिस्टेरिया' शोधून बघा. ब्राँझचं शरीर धनुष्यासारखं मागे वाकून अधांतरी टांगलंय आणि त्याला डोकंच नाही. शिवाय ते शरीर पुरुषाचं. हिस्टेरिया हा बायकांचा आजार समजणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना दिलेलं ते उत्तर आहे.

आता माध्यम. नुसतं तीन-चार वस्तू चिकटवल्या म्हणजे मिक्स मीडिया होत नाही; प्रत्येक माध्यमाने असं काही करायला हवं, जे दुसऱ्याला जमणार नाही. शाडू वाळताना आकसतो, आतली सळई आकसत नाही. आर्मेचर, म्हणजे हा सळईचा सांगाडा, न काढता तसाच वाळू दिला, की माती सळईभोवती तडकते. वर्गात याला दोष म्हणतात. पण बाहेरून सगळं ठीक दिसणारा माणूस आतून ताठ धरून बसलाय, हे दाखवायला त्या भेगांइतकं नेमकं मला काही सापडलेलं नाही. फार सुटायला लागलं तर मातीत थोडा कागदाचा लगदा मळा, भेगा आटोक्यात राहतात.

गोधडीचंही तसंच. मी जुन्या साड्यांची गोधडी पातळ प्लास्टरमध्ये बुडवून एका आकृतीवर पांघरली होती; बाहेर फक्त सिमेंटचे तळवे. चुण्या, धावदोरा सगळं दिसतं, पण ऊब गेलेली आणि वजन पेलवेना इतकं. प्रदर्शनात एक काकू बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "याला उठवायला कुणी आलं नाही का?" डोकं धरलेल्या पुतळ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जाल तेव्हा साखळ्या, कुलपं आणि फुटके आरसे दिसतील. मोह आवरा. औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्सही नकोत. गोळी घेऊन सावरलेले लोक तुमचं काम बघायला येणार आहेत, त्यांच्या औषधाला तुम्ही खलनायक का ठरवताय?

येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर काम करायचंय म्हणता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. ओळखू येईल असा चेहरा, केसपेपर, कुणाची चिठ्ठी, यातलं काही परवानगीशिवाय वापरू नका. खरं तर बाहेरच्या माणसाने तिथून सुरुवातच करू नये असं माझं मत. स्वतःचं नाहीतर घरातल्या संमती देणाऱ्या माणसाचं बसणं, झोपणं, जिना चढणं रेखाटा. चिंतेत खांदे कानाकडे चढतात, जबडा आवळला जातो. नैराश्यात हालचालच मंदावते. एवढ्यात दोन-तीन आकृत्या निघतील.

यात तुमचंच काही वर आलं आणि झेपेना झालं, तर मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक आहे. शिल्प त्याची जागा घेत नाही. आणि शिल्प फायबरमध्ये (रेझिन आणि काचतंतू वापरून) ओतणार असाल तर फ्लॅटच्या बंद बाल्कनीत नको. रेझिनचा वास नुसता उग्र नसतो, बाधतो. मोकळी जागा बघा आणि वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क घ्या.